स्मशान कुणाच्या वॉर्डात?

"मंदा, आहेस तशी नदीवर ये," असा ह्यांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलथत होते.

"नदीवर? आबांना घेऊन गेलाय ना तुम्ही?"

"म्हणून तर ये म्हणतोय."

"मी बाईमाणूस तिथं येऊन काय करू?"

पलीकडं माणसांचा गलका होता. त्यातून दाढ ठणकत असल्यासारख्या आवाजात हे म्हणाले, "अगं, सभापती तू आहेस."

नगरपरिषदेच्या नियोजन समितीची सभापती होऊन मला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. कुरडया तशाच टाकल्या आणि निघाले.

आमच्या देवनळीतला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा ह्यांना, म्हणजे बाजीराव ढोबळ्यांना, दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग त्यांनी माझा अर्ज भरला. प्रचाराच्या फलकावर ह्यांचा फोटो दाराएवढा आणि माझा खिडकीएवढा. निवडून मी आले, गुलाल ह्यांना लागला. पुढं समितीचं सभापतिपद माझ्या वाट्याला आलं आणि गाव ह्यांनाच सभापती म्हणू लागलं. सभेत हे माझ्यामागच्या खुर्चीत बसत. मी हात कधी वर करायचा ते ह्यांच्या खोकण्यावर ठरे. एकदा ह्यांना खरोखरची सर्दी झाली होती, आणि त्या सभेत मी एकाच ठरावाच्या बाजूनंही मत दिलं आणि विरोधातही. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याच काळात गावाचा विकास आराखडा तयार होत होता. पुढच्या वीस वर्षांत गाव कुठल्या अंगानं वाढणार, रस्ते कुठून जाणार, शाळा कुठं, बाजार कुठं, बाग कुठं, हे सगळं एका रंगीत नकाशात बसवायचं होतं. पुण्याहून सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रात आमच्या नदीला निळं पाणी होतं. काठावर हिरवळ, धावायची वाट, खुला रंगमंच, आणि बाकांवर गोरी गोरी जोडपी. अशी जोडपी आमच्या गावात कुठून आणणार, हे कुणी विचारलं नाही. सभागृहानं बाकं वाजवली.

अडचण एवढीच होती की त्या हिरवळीच्या जागी गावाचं स्मशान होतं.

"ते आपण शिफ्ट करू," सल्लागार म्हणाले. टेबलावरचा चहाचा कप सरकवावा तसं.

शिफ्ट करायचं म्हणजे नकाशावर दुसरीकडं स्मशानाचं आरक्षण टाकायचं. आधी ते टाकलं वरच्या अंगाला, शिरसाटांच्या वॉर्डात. शिरसाट उभे राहिले. "स्मशान झालंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण आमच्याकडचा वारा थेट गावात येतो." मग ते आलं खालच्या अंगाला. तिथल्या नगरसेवकाला अचानक आठवलं की त्याच्या वॉर्डात शाळा व्हायची आहे आणि मुलं घाबरतील. शाळेचं आरक्षण तिथं त्याच्या लहानपणापासून पडून होतं. मग माळावर टाकलं, तर माळावरच्या लोकांनी वास्तुतज्ज्ञाचं पत्र आणलं. बाजारपेठेमागं टाकलं, तर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. प्रत्येक जण हात जोडून हेच सांगे, की स्मशान ही काळाची गरज आहे, फक्त आमच्यात नको.

हरकतींची सुनावणी माझ्यासमोर झाली. म्हणजे ह्यांच्या खोकल्यासमोर. त्या दिवशी काठी टेकत आबा काटकरही आले होते. आबा म्हणजे आमचे नगराध्यक्ष धनाजीराव काटकर यांचे वडील. देवनळी नुसतं गाव होतं तेव्हाचे सरपंच. मला एकटीला विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "बाई, या नकाशात म्हातारा कुठं जाणार तेवढं बोट ठेवून दाखवा."

सगळे हसले. धनाजीरावही हसले. "आबा, तुम्ही शंभर वर्षं जगणार."

"त्याच्या पुढचंच विचारतोय," आबा म्हणाले.

मी मागं बघितलं. हे खोकले नाहीत. म्हणून मीही काही बोलले नाही.

शेवटी सभेनं एकमतानं ठराव केला, की स्मशानभूमीची जागा यथावकाश निश्चित करण्यात यावी. सगळ्यांना मोकळं वाटलं. नकाशावर बागा होत्या, वाहनतळ होता, पोहण्याचा तलावसुद्धा होता. त्या नकाशाप्रमाणं पुढची वीस वर्षं देवनळीत कुणी मरणार नव्हतं.

नदीकाठचं काम मात्र झपाट्यानं सुरू झालं. जुन्या दहनशेडचे पत्रे उतरले, चौथरा फुटला, वर फरशा बसल्या. ज्यांना शेत होतं ते आपलं माणूस आपल्या शेतात नेऊ लागले. ज्यांना नव्हतं ते शेजारच्या पिंपळवाडीत जात. नाना सुताराची बायको गेली ती याच दिवसांत. महिन्याभरानं आमच्या दाराची चौकट बसवताना तो मला म्हणाला, "ताई, तिला टेंपोत घालून नेली. पिंपळवाडीवाले म्हणाले, या खेपेला जाळा, पुन्हा येऊ नका. पुन्हा म्हणजे कोण, मीच की." आणि रंधा मारत राहिला.

मी त्याला चहा दिला. दुसरं काय करणार? हे घरात नव्हते, खोकायला कुणी नव्हतं.

तर आबा गेले सकाळी, झोपेतच. सगळा गाव जमला. आणि दुपार कलायच्या आत मला तो फोन आला.

नदीवर पोचले तर नव्या बागेच्या फाटकाला कुलूप. फाटकासमोर ट्रॅक्टर, ट्रॉलीत आबा, अंगावर हारांचा ढीग. मागं लाकडांचा टेंपो. सगळ्यात पुढं धनाजीराव, ओल्या धोतरात, हातात शिंकाळ्यातलं विस्तवाचं मडकं. ऊन असं होतं की मडक्यातल्या विस्तवाची वेगळी गरज नव्हती. फाटकाच्या आत हिरवळ पसरलेली, आणि गावावर आपलं प्रेम असल्याचं इंग्रजीत सांगणारी माणसाच्या उंचीची अक्षरं, मध्ये लालभडक बदाम.

"शेतात का नाही नेलं?" मी ह्यांना हळूच विचारलं.

"शेत कुठाय आता? सगळे प्लॉट पडले की. काटकर ग्रीन सिटी."

"मग तिथं?"

"तिथंच नेलं आधी. प्लॉटवाले बाहेर आले. पाया पडले आबांच्या, डोळे पुसले, आणि रस्त्यात आडवे उभे राहिले. म्हणाले, अध्यक्ष, तुमच्याच जाहिरातीत लिहिलंय, शांत आणि प्रसन्न परिसर."

"आणि पिंपळवाडी?"

"सरपंचानं हार घातला. मोठा हार. म्हणाला, तुमचं आता शहर झालंय, आमचं गावच आहे. एवढ्या मोठ्या माणसाला आमची जागा शोभायची नाही."

म्हणजे आबा सकाळपासून सगळा विकास बघून आले होते.

एवढ्यात मुख्याधिकारी साळवीसाहेब पुढं आले. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. "मॅडम, अडचण अशी आहे. परवा पालकमंत्री उद्घाटनाला येताहेत. पण प्रसंगच असा आहे. अध्यक्षसाहेब घरच्याच बाबतीत परवानगी देऊ शकत नाहीत, नियमात बसत नाही. जागा नियोजन समितीच्या अखत्यारीत येते. तुम्ही तोंडी हो म्हणालात तर मी विशेष बाब म्हणून कुलूप काढतो."

"नुसतं हो म्हण," हे माझ्या कानाशी म्हणाले, आणि वर सवयीनं खोकले.

मी हो म्हणणारच होते. खोटं कशाला सांगू? पायाखाली डांबर चटके देत होतं, घरी कुरडया उघड्यावर होत्या. पण तेवढ्यात टेंपोतनं कुणीतरी लाकडं खाली घ्यायला लागलं. नाना सुतार होता. आबांची तिरडीही त्यानंच बांधली होती. खांद्यावर ओंडका घेऊन तो कुलपाकडं बघत उभा राहिला. रागानं नव्हे. दुसऱ्याच्या घरचं नवं कपाट बघावं तसा.

"साहेब," मी साळवींना विचारलं, "विशेष बाब म्हणजे काय?"

"म्हणजे फक्त या वेळेपुरतं, मॅडम. आबांपुरतं."

"आणि उद्या दुसरं कुणी गेलं तर?"

"तो वेगळा विषय होईल."

"मग विशेष बाब नाही. मी देत नाही परवानगी."

गलका एकदम थांबला. ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं चालू होतं. ड्रायव्हरनं तेही बंद केलं. तो वरच्या अंगाचा होता, शिरसाटांच्या वॉर्डातला. पुढचं त्याला नीट ऐकायचं असावं.

"मंदा," हे दात न उघडता म्हणाले, "घरी बोलू."

"घरी आबा येणार आहेत का?"

ह्यांनी खोकायचंसुद्धा सोडून दिलं.

धनाजीराव वळले. त्यांचे डोळे सुजलेले होते. बापावर त्यांचा जीव होता, ते कुणी नाकारणार नाही. "वहिनी, वेळ काय आणि तुम्ही बोलताय काय? माझा बाप पडलाय इथं उन्हात."

"वेळ बघूनच बोलतेय भाऊजी. एरवी तुम्ही ऐकत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही कळलं नाही. आणि एकदा गेलं म्हटल्यावर पुढचं अडवायचं कशाला?

"आबा इथं जातील," मी म्हणाले. "पण मग नवी जागा तयार होईपर्यंत गावातलं प्रत्येक माणूस इथंच जाईल. कुणाचंही. शेत असलेलं, नसलेलं, सगळं. फाटकाला कुलूप लागायचं नाही. हे तुम्ही इथं सगळ्यांसमोर सांगा, मग लाकडं आत न्या."

"बाई सौदा करायला लागली मढ्यावर," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज शिरसाटांचा होता.

"करतेय," मी म्हणाले. "तुम्ही घ्या ना मग तुमच्या वॉर्डात, माझा सौदा मोडतो. घेताय?"

शिरसाट लगेच पाठीमागच्या माणसाला वाट देण्यासाठी बाजूला झाले. पाठीमागं कुणी नव्हतं.

धनाजीरावांनी चारी बाजूंना बघितलं. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी आबांना हार घातला ते सगळे तिथं होते. कुणी टोपी सारखी करत होतं, कुणी नदीचं पाणी न्याहाळत होतं. त्यांच्या हातातलं मडकं धुमसत होतं, धूर त्यांच्याच डोळ्यांत जात होता.

"बरं," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, भाऊजी."

"वहिनी!"

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

मला आजही लोक विचारतात, त्या वेळी जीभ कशी रेटली म्हणून. दुःखातला माणूस, वडिलांचं प्रेत दारात. मी काय सांगू? अडीच हजार मतांनी निवडून आलेल्या बाईला तोंड उघडायला तेवढी एकच फट मिळाली होती. ती आबांमुळं मिळाली.

धनाजीराव मोठ्यानं बोलले. भाषणाची सवय असल्यानं आवाज चांगला लागला. "नवी जागा होईस्तोवर देवनळीतल्या कुठल्याही माणसाचा अंत्यविधी इथंच होईल. मी शब्द देतो." आणि एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"चावी?" मी साळवीसाहेबांना विचारलं.

ठेकेदाराकडं आहे, आणायला माणूस धाडलाय, असं ते मघापासून सगळ्यांना सांगत होते म्हणे. आता त्यांनी हात सरळ पॅन्टच्या खिशात घातला आणि चावी काढली.

चिता रचली खुल्या रंगमंचावर. दुसरी सपाट जागाच नव्हती. नाना सुतारानं ओंडके असे बसवले की एक हलत नव्हता. मी आत गेले नाही, फाटकाशीच उभी राहिले. धूर आधी सरळ वर गेला, मग वाऱ्यानं वळला आणि तो लाल बदाम हळूहळू काळा पडत गेला.

घरी परत आलो. दारातच हे म्हणाले, "माझं राजकारण संपवलंस."

"आधी अंघोळ करा," मी म्हणाले.

पालकमंत्री आले, पण नदीवर गेलेच नाहीत. काटकरांच्या बैठकीत बसले, आबांच्या आठवणी सांगितल्या, त्यातल्या दोन दुसऱ्याच कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या होत्या. निघताना, नदीकाठ प्रकल्पाचं उद्घाटन झालं असं समजा, असं म्हणाले. सगळ्यांनी तसं समजून घेतलं.

आबांचं तेरावं झालं आणि लगेच विशेष सभेची नोटीस निघाली. विषय एकच, नदीकाठावर अंत्यविधींना मनाई. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. धनाजीराव उभे राहिले, डोक्यावर नुकते खुंट आलेले. "सन्माननीय सदस्यहो, शोकाच्या भरात माणूस काहीही बोलतो. ते मनावर घ्यायचं नसतं. कोट्यवधींचा प्रकल्प आहे."

माना हलल्या. शिरसाटांनी अनुमोदनाला हातही वर केला.

हे नेहमीप्रमाणं माझ्यामागं बसले होते. खोकले. मी उठले. खोकल्याचा अर्थ बस असा होता, तो मला चांगला कळला होता.

"ठराव जरूर करा," मी म्हणाले. "माझी हरकत नाही. फक्त शब्द फाटकाजवळ दिलाय, तर परतही तिथंच घेऊ. उद्या बाजाराचा दिवस आहे, खेड्यापाड्यातली माणसं येतील. अध्यक्षांनी तिथं उभं राहून सांगावं, की माझ्या बापाचं उरकलं, आता तुमचं तुम्ही बघा. मी शेजारी उभी राहते. शिरसाटसाहेब अनुमोदन तिथंच देतील."

शिरसाटांनी हात खाली घेतला आणि त्याच हातानं पाण्याचा ग्लास उचलला.

मग साळवीसाहेबांनी घसा साफ केला आणि प्रशासनाच्या मदतीला नेहमी येतो तो शब्द उच्चारला, तहकूब. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला, पुढच्या सभेत त्याच्या पुढच्या सभेपर्यंत, आणि आमची मुदत संपेपर्यंत तो तहकूबच राहिला. फाटक मात्र उघडं राहिलं. पावसाळ्यात लोकांचे हाल व्हायला लागले तेव्हा नगरपरिषदेनं रंगमंचावर पत्र्याचं छप्पर घातलं. धावायच्या वाटेवर सकाळी डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळी धावत. काठावर धूर दिसला तर उलट्या बाजूनं धावत. आराखडा सरकारकडून मंजूर होऊन आला, त्यात त्या जागेवर हिरवा रंग होता आणि बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्यान व प्रासंगिक वापर'. नव्या स्मशानाची जागा अजूनही यथावकाशच आहे.

नाना सुतारही गेला पुढं. इथंच गेला. त्याच्या पोरानं कुणाला विचारलं नाही, कुणी त्याला अडवलं नाही.

माझं पुन्हा उभं राहणं काही झालं नाही. पुढच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड खुला झाला आणि ह्यांनी स्वतःचा अर्ज भरला. आपलं राजकारण मी संपवलंय हे ते विसरले होते. प्रचार सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, "चल, तुला एक गंमत दाखवतो." गाडीवर बसवून नदीवर घेऊन गेले.

फाटकाशेजारी मोठा फलक लागला होता. 'सर्वांसाठी खुली अंत्यविधी सुविधा. संकल्पना: नगराध्यक्ष मा. धनाजीराव काटकर.' डाव्या बाजूला हात जोडलेले धनाजीराव. उजव्या बाजूला, तेवढेच मोठे, हात जोडलेले आमचे हे. खाली लिहिलं होतं, 'विशेष प्रयत्न: मा. सभापती बाजीराव ढोबळे.' फुलांच्या महिरपीत दोघांचे हसरे चेहरे, आणि मागं पत्र्याच्या शेडमधून कुणाच्या तरी चितेचा धूर निघत होता.

मी माझं नाव शोधलं. छापखान्याचं सापडलं.

हे गाडीवरून उतरून फलकापुढं उभे राहिले, एकदा जवळून, एकदा लांबून.

"कसा आलाय फोटो?"

"छान आलाय," मी म्हणाले. "हार तेवढा राहिलाय."